पायडलावरचा पाय

आमी नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे जुन्या जीपच्या ब्रेकचा गळका पाइप दुरुस्त करणं. अजूनबी कुठं ब्रेक ऑइलचा वास आला की ती दुपार डोळ्यापुढं येती. झरी गावातल्या आमच्या अंगणात ती जीपमधी पायडलावर पाय ठेवून बसलेली, मी खाली चाकापाशी उताणा. तिनं दाबायचं, मी पाइपातली हवा काढायची. जोडाला मी विहिरीच्या मोटारीच्या पाइपाला गुंडाळतो तशी पांढरी टेप गुंडाळली होती. ब्रेकला टेप चालत न्हाई, हे मला कुठं ठाऊक? तिनं दाबलं की जोडातलं तेल माझ्या तोंडावर टपकायचं. "नीट दाब की! भाकरी खाल्ली न्हाईस का?" मी खेकसलो. बघायला जमलेले शेजारी हसले. ती म्हणली, "दाबायलेच की मी. खोट माझ्या पायात न्हाई, तुमच्या जोडात हाय." शेजारी आणखी हसले, अन् माझं डोकं फिरलं. "ऊठ तिथून, तुझ्यानं कायबी व्हत न्हाई." त्यावर ती काई बोलली न्हाई. आत गेली, छातीला हात लावून आडवी झाली, अन् दिवस मावळायच्या आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची धाकटी बहीण आली, माझ्यापुढं बसून रडत विचारायली, "दाजी, शेवटचं काय बोलली ओ माझी अक्का?" कालचे शेजारी तिथंच उभे होते. त्यांच्यादेखत मी म्हणलो, "देवाचं नाव घेतलं तिनं." एकानंबी मान वर केली न्हाई.