मीनाक्षीबाईंनी वाटून दिलेली कामं

उस्मानपुऱ्यातलं आमचं मुलींचं वसतिगृह बंद पडून बरीच वर्षं झाली. त्या जागी आता गाड्यांचं शोरूम आहे. खेड्यापाड्यांतून शिकायला आलेल्या आम्हा मुलींच्या अधीक्षक होत्या मीनाक्षीबाई. त्यांनी लग्न केलं नाही, सुट्टीतही फारशा कुठं गेल्या नाहीत. झाडणं, पाणी भरणं, दिवे घालवणं, सगळ्याच्या पाळ्या त्याच लावायच्या. कुरकुर करायची कुणाची टाप नव्हती.

गेल्या वर्षी आम्ही जुन्या मुलींनी वसतिगृहाच्या आठवणींची वेबसाइट करायचं ठरवलं. मनस्विनीची लेक श्रेया ती तयार करून देणार होती. पण व्हॉट्सॲपवर भांडणंच जुंपली. लिहायचं सगळ्यांनाच होतं. फोटो जमवायला, चुका दुरुस्त करायला कुणी पुढं येईना. शेवटी मी, मनस्विनी, श्रेया आणि दगडाबाई अशा चौघी बाईंच्या घरी गेलो.

ऐंशीला टेकलेल्या बाईंनी विचारलं, "वेबसाइट म्हणजे नेमकं काय गं?"

"घरच समजा आजी, फोनवरचं," श्रेया म्हणाली.

"मग तिथं रोज झाडणार कोण?"

आम्ही हसलो आणि पूर्वीसारख्या मुकाट्यानं ओळीत बसलो. बाईंनी कामं वाटली. लिहायचं मनस्विनीनं, तपासायचं मी. पासवर्ड श्रेयाकडं आणि माझ्याकडं. किल्ली एकीच्याच हाती देणं बाईंना कधीच पटलं नव्हतं. फोटोतल्या मुली ओळखून त्यांची परवानगी घेणं देवगाव रंगारीच्या दगडाबाईकडं आलं.

"मला टायपिंग येत नाय, बाई."

"बोलता येतं ना? जाऊन विचार."

एका फोटोत साळू होती, दोरीवरच्या उड्या मारताना. दहावीच्या आधीच वडील तिला लग्नासाठी घेऊन गेले होते. नंतर तिची काही खबर नव्हती. मनस्विनीनं फोटोखाली लिहिलं, 'शिक्षण अर्धवट सोडले.'

बाईंनी ते खोडायला लावलं. "आधी तिला विचारा."

दगडाबाईनं चौकशी करत करत तिला खुलताबादला गाठलं. साळूबाईचं तिथं पेरू-सीताफळाचं छोटं दुकान होतं. तिनं फोटो बराच वेळ न्याहाळला, त्यातल्या स्वतःच्या वेण्यांवरून बोट फिरवलं. दगडाबाईनं तिला ती खोडलेली ओळ सांगितली आणि तिथूनच बाईंना फोन लावून दिला.

"सोडलं नाय बाई, सोडवलं. तसंच लिवा," साळूबाई म्हणाली. मग तिनं विचारलं, "समद्यांना कामं दिली म्हणं. मला कोणतं?"

बाई म्हणाल्या, "तुझ्यासारख्या मधूनच गेलेल्या मुली शोधायच्या. ते तुझ्याकडं."

"व्हय, करते की."

आता दुकानात गिऱ्हाईक नसलं की साळूबाई फोन लावत बसते. परवा कन्नडकडची एक सापडली. दोघी दुपारभर बोलत होत्या. फोटोची परवानगी मागायची तेवढी राहून गेली.