सुमन मॅडम आणि दादांची प्लेट

नमस्कार करायच्या आधी सुमन मॅडम समोरच्याच्या तोंडाकडे बघायच्या. भाजीवाली मावशी असो की एस.टी.चा कंडक्टर, "मिश्री लावता का? आ करा बघू," म्हणून मोकळ्या. सांगलीच्या आमच्या कॉलेजात त्या सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या आणि मी त्यांच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होतो. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट.

तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांच्या थुंकीत काही जंतू फार वाढलेले असतात, हे त्यांच्या नजरेत भरलं होतं. थुंकीवरूनच रोग लवकर ओळखता आला तर? "गाठ दिसेपर्यंत थांबायचं म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणायची," त्या म्हणायच्या.

तुलनेसाठी धडधाकट माणसांचीही थुंकी हवी होती. पाटणजवळच्या गावाहून त्यांचे थोरले भाऊ आले होते. फौजेतून निवृत्त झालेले, तळहातावर सदा तंबाखू. "बहिणीसाठी थुकायचं तर थुकतो की," म्हणत त्यांनी हसत बाटली भरली. थुंकी पसरलेल्या काचेच्या प्लेटवर जंतू वाढले तेव्हा मॅडमनी ती रुग्णांच्या प्लेटांशेजारी ठेवून पाहिली. हुबेहूब तशीच होती.

त्यांनी दादांना हाताला धरून मिरजेच्या एका डॉक्टरांकडे नेलं. तोंड, घसा, मान, सगळं तपासून झालं. काही सापडलं नाही. "मॅडम, जंतूंवरून कॅन्सर ठरत नाही. दात किडले तरी जंतू वाढतात," डॉक्टर म्हणाले. तेही खरंच होतं.

काही महिन्यांनी मॅडमनी पुन्हा गळ घातली. दादा म्हणाले, "सुमे, एकदा दावलं न्हवं? मला काय बी झालं न्हाई. तू लय भितीस."

पुढच्या उन्हाळ्यात त्यांना घास गिळवेना. जिभेच्या मुळाशी गाठ निघाली, मानेत उतरलेली.

शेवटी शेवटी त्यांना स्वतःची लाळही गिळता येईना. मी भेटायला गेलो तेव्हा मॅडम ती फडक्यानं टिपत होत्या. दादा अडखळत म्हणाले, "तुला कळलं व्हतं, सुमे. मग मला बांधून का न्हाई नेलंस?" मॅडम नुसत्या टिपत राहिल्या.

दादा गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपून मॅडम कामावर आल्या आणि काही दिवसांतच तुलनेसाठी थुंकी दिलेल्या शिरवळच्या एका धडधाकट बाईंची प्लेट तशीच निघाली. "हिला काय सांगू?" त्यांनी मला विचारलं. या वेळी मात्र त्यांनी डॉक्टरांचं की बाईंचं, कुणाचंच ऐकलं नाही. दर काही महिन्यांनी त्या बाईंना तपासायला नेत राहिल्या.

"आवं बाई, माज्या तोंडात हाय तरी काय?" बाई वैतागायच्या.

काहीच नव्हतं. वर्षं गेली, काही झालं नाही. शेवटच्या तपासणीनंतर आम्ही बाईंना एस.टी.त बसवून दिलं. गाडी वळेपर्यंत मॅडम हात हलवत होत्या.

"ठणठणीत आहे. फार बरं झालं," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "पण मग दादाच्या प्लेटचा अर्थ काय होता रे? मला खरंच काही कळलं होतं का?"

आणि स्टँडवरच्या बाकावर बसून त्या हमसून हमसून रडल्या.