नवरीला न विचारता

लेक कॉलेजात प्राचीन ग्रीस शिकते, म्हणून एका शनिवारी आम्ही तिघं स्लाऊहून लंडनच्या म्युझियममध्ये गेलो. एका ग्रीक कलशावर लग्नाची वरात रंगवलेली होती. नवऱ्याने नवरीचा हात नव्हे, मनगट धरलं होतं. बायको काचेला नाक लावून बघत राहिली.

"पळून जाईल म्हणून का गं?"

"रिच्युअल आहे, आई. ती चौदा-पंधराची, तो तिशीतला."

"आणि ठरवायचं कोण?"

"तिचे बाबा आणि नवरा. दोघं प्रॉमिस करतात. नवरी रूममध्ये नसली तरी चालतं."

बायको हसली. "आपल्याकडे निदान पोहे घेऊन तरी यायला सांगायचे!"

मला वेगळंच कुतूहल. आत काय बोलणं झालं, ते त्या मुलीला पुढे कधी कळत असेल का? लेकीला विचारलं, तर म्हणाली, "काय माहीत, बाबा. बहुतेक सगळं पुरुषांनीच लिहिलंय." आणि ती पुढच्या दालनात गेली.

एकोणीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट मी तिथेच, बाकावर बसून बायकोला सांगितली.

आम्ही इथे नवीन आलो तेव्हा माझं काम स्लाऊला होतं, आणि बायकोला तीन-चार तासांवरच्या लीड्सच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी मिळाली होती. तिच्या वडिलांनी पुण्याहून फोन केला, "दोन गावांत दोन बिऱ्हाडं नकोत." तिने नोकरी सोडली, पण त्यानंतर त्यांच्याशी कधी मोकळेपणाने बोलली नाही. ते गेले तेव्हाही तो राग होताच. खरं तर त्यांना तो फोन मी करायला लावला होता. मला एकट्याने राहायचं नव्हतं, आणि हे तिला तोंडावर सांगायची हिंमत नव्हती.

मला वाटलं, ती उठून जाईल. पण तिने अगदी हळू विचारलं, "बाबा लगेच हो म्हणाले?"

इथे खोटं बोललो असतो तर माझ्या अपराधातला अर्धा वाटा त्यांच्या गळ्यात पडला असता.

"नाही. म्हणाले, 'जावईबापू, आधी तिला विचारा.' मी विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला."

"काय सांगितलंस?"

"की तुलाही जायचं नाहीये, फक्त नाही म्हणायला तुला वडीलधाऱ्यांचा आधार हवाय."

तिने पर्स उघडली, रुमाल काढला. "म्हणजे त्यांना वाटलं, ते माझीच बाजू घेतायत," ती म्हणाली, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा वडिलांसाठी रडली.