देवाचा बैल दारात आला तेव्हा

महागावहून मोटार धरली तेव्हा बाच्या डोक्यावर गाठोडं होतं, याडीच्या, म्हणजे आईच्या, कडेवर धाकटा भाऊ. अड्ड्यावरचा एक जण हसून म्हणाला, "बंजारी माणूस अन् ओझं सोताच्या डोक्यावर? बैल कुठी गेले?" आमच्या पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुख पालथा घातला होता. बाने गाठोडं डोक्यावर नीट बसवलं आणि मोटारीत पाय टाकला.

आमचा जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. थोरामोठ्यांचे त्यावर वाद चालत. मी मोटारीत आमच्या गायीसाठी रडत होते.

तांड्यात राहिलेल्यांनो, आणि आमच्यासारखे निघून आलेल्यांनो, आमचं आवार तुम्हाला आठवत असेल. बैलजोडी, गाय, चार शेरडं. झोपडीमागे अडुळसा, निर्गुडी, ओवा. जनावराचं पोट फुगलं की याडी ओवा-हिंग पाजायची, पाय सुजला की निर्गुडीने शेकायची. औषध देताना सुनेला बोलावं तशी जनावरांना बोलायची, आणि ती मुकाट ऐकायची. तांड्यातली अर्धी ढोरं तिच्या हातून बरी झालेली.

मग बुळकांडी आली. ढोरांच्या तोंडात फोड, लाळ, हगवण, आणि मरण. सरकारी ढोरांचा डॉक्टर येऊन सांगून गेला, "लस घेऊन येतो. तोवर ढोरं अलग बांधा, एकमेकाईले हुंगू देऊ नका."

पण तांड्यात देवाचा बैल होता. कवड्यांची झूल घातलेला, कधी कामाला न जुंपलेला. रोगराई आली की त्याला दारोदार फिरवायचं, त्याने गोठ्यातली ढोरं हुंगली की पीडा जाते, ही आमची रीत. तसा तो वाजतगाजत निघाला. आमच्या कुंपणाशी आला तेव्हा याडी आडवी उभी राहिली. घरात आम्ही आमची गोरबोली बोलायचो, ती न येणाऱ्यांसाठी वऱ्हाडीत सांगते. ती म्हणाली, "याच्याच तोंडातून लाळ गळून राह्यली. मी नाही येऊ देत."

ढोल थांबले. सगळा तांडा तिच्याकडे बघत होता. बा हळूच म्हणाला, "देवाले नाही म्हणलं तं कोण आपल्याले तांड्यात राहू देईन? सरक." तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि कुंपणाचा काटेरी झापा स्वतःच्या हाताने बाजूला केला. बैलाने आमची गाय हुंगली. याडीने त्याला हळदकुंकू लावलं, पायाही पडली.

बाकीचं तुम्हाला ठाऊक आहे. आधी गाय गेली, मग बैलजोडी. याडीने झोपडीमागची झुडपं ओरबाडून बोडकी केली. बुळकांडीपुढे पाला काय करणार? डॉक्टर लस घेऊन आला तेव्हा टोचायला आमच्याकडे शेरडंसुद्धा उरली नव्हती. देवाचा बैल तर त्याआधीच मेला होता. त्याच्यासाठी सगळे रडले. याडी रडली नाही, आणि आम्हाला तांड्यातून कोणी हाकललंही नाही. बैलांवाचून शेत कसायचं कसं, म्हणून आम्हीच निघालो.

नागपुरात बा गिरणीत गठ्ठे उचलायचा, याडी बांधकामावर माती वाहायची. भोंगा, पाळी, नळावरची रांग हे शब्द आम्ही तिथे शिकलो. लोक डब्यात तुळस लावायचे. याडीने कधी काही लावलं नाही. विचारलं तर म्हणायची, "कोणासाठी?"

काही वर्षांनी तांड्यातली माणसं आली. देवाला नवा बैल सोडायचा होता, वर्गणी हवी होती. याडीने त्यांना भाकरी वाढली, पोटभर जेवू घातलं. मग बाच्याकडे न बघता म्हणाली, "आमच्या घरून काही भेटनार नाही."

बाने उठून पाहुण्यांसाठी दार उघडलं. पाहुणे पुटपुटत उठले. याडी परात धूत राहिली. त्या भाड्याच्या, पत्र्याच्या खोलीला मी तोवर खोलीच म्हणत होते. त्या दिवसापासून घर म्हणू लागले.