पायाळू मच्छिंद्राची टाच

मच्छिंद्र आमचा शेजारी. जन्मताना त्याचे पाय आधी बाहेर आले, म्हणजे तो पायाळू. अशा माणसाने कमरेला लाथ लावली की भरलेली उसण जाते, यावर आमच्या नेवाशाकडच्या गावांत डॉक्टरपेक्षा जास्त विश्वास. मोबदला घ्यायचा नाही आणि दारी आलेल्याला परत पाठवायचं नाही, हा पायाळूचा धर्म. मच्छिंद्राला मात्र त्याच पायांनी शर्यत जिंकायची होती.

एकाहत्तरच्या प्रजासत्ताक दिनाला साखर कारखान्याची तिहेरी शर्यत होती. सायकलने प्रवरेपर्यंत, पोहून पैलतीरी आणि तिथून पळत कारखान्याच्या फाटकापर्यंत. आदल्या वर्षी पैलतीरच्या छगनने मच्छिंद्राला पळण्यात मागे टाकलं होतं. म्हणून यंदा दसऱ्यापासूनच गडी रोज पहाटे पळू लागला, आणि दिवाळी सरते न सरते तोच उजव्या टाचेवरची शीर धरली. सकाळी पाय टेकवला की तोंडातून शिवीच निघायची.

गावाला आयतीच करमणूक मिळाली. "दुसऱ्याची उसन काढतोय अन सोता लंगडतोय!" त्याने डाव्या पायाने स्वतःच्याच टाचेला लाथ लावून पाहिली आणि तोल जाऊन कडब्याच्या पेंढ्यांवर पडला. मी हसलो, खोटं कशाला सांगू? पण पळणं थांबवून, एरंडाची पानं बांधूनही टाचेचं दुखणं हटेना, तेव्हा माझंही हसू आटलं. "संपलं आपलं," असं तो ज्या आवाजात म्हणाला, तो ऐकवत नव्हता.

त्याची आई राहीबाई मोठी खमकी. आसपास दुसरा पायाळू एकच, तो छगन.

"मेलो तरी त्याच्या दारात जानार न्हाई," मच्छिंद्र म्हणाला.

"नगं जाऊ. म्या जाते," म्हणत ती होडीत बसलीसुद्धा.

छगन दुसऱ्याच दिवशी आला. मनात काही असो, पायाळूला नाही म्हणता येत नाही. अंगणात पाहतो तर ऊसतोडीचे बाया-गडी कमरा धरून बसलेले, आणि मच्छिंद्र लंगडत लंगडत एकेकाला त्याच दुखऱ्या पायाने लाथ देतोय!

"पळायचं थांबलास, अन ह्ये काय चालवलंय?" छगनने कपाळावर हात मारला.

"दारी आलेल्याला न्हाई कसं म्हनू?"

"मग डाव्यानं दे की."

"डाव्या पायाला गुन न्हाई, म्हनत्यात."

आम्ही सगळे रोज ते बघत होतो. लाथ म्हणजे सेवा. तिनेही पाय दुखावतो, हे एकाच्याही टाळक्यात शिरलं नव्हतं.

छगनने रीतीप्रमाणे त्याच्या टाचेला अलगद पाय लावला. मग अंगणाकडे वळून म्हणाला, "शर्यत होईस्तोवर समद्यांनी माझ्याकडं यायचं. ह्याच्याकडं कुनी फिरकायचं न्हाई."

"आरं, अन तुझा पाय गेला तर?"

"तर तू जिंक," म्हणून छगन हसला. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

त्यानंतर मच्छिंद्र प्रवरेत छातीभर पाण्यात उतरून पळू लागला. पाण्यात टाचेवर भार येत नसे. पोहणं वाढवलं, सायकलही सोडली नाही. पुढे काठच्या मऊ मातीवर आधी चालला, मग जपून पळाला. दुखणं उतरत होतं, पण भरधाव पळायची हिंमत त्याला शर्यतीपर्यंत झाली नाही.

त्या दिवशी मी फाटकाशी उभा होतो. वळणावर आधी छगन दिसला. बऱ्याच मागे मच्छिंद्र, दबकत पळणारा. आणि मग काय झालं कोण जाणे, तो सुटला. लंगडणं नाही, काही नाही. मी घसा बसेपर्यंत ओरडलो.

"आला का रं!" छगनने मागे वळून पाहिलं आणि तोही जीव तोडून पळाला.

छगन हातभर पुढे राहून जिंकला. मच्छिंद्र धुळीत फतकल मारून बसला आणि टाच चाचपू लागला. इकडून दाबली, तिकडून दाबली. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

राहीबाई धावत आली. "लई दुखतंय का रं?"

"न्हाई ना दुखत!" तो ओरडला. "आये, त्यास्नी म्हनावं शर्यत परत लावा. आत्ताच्या आत्ता!"