समोरच्या सीटशी अबोला

युरोपातल्या ट्रेनमध्ये बसलेला असा एकही माणूस उरला नसेल, ज्याच्याशी माझे मामेसासरे बोललेले नाहीत. अपवाद फक्त एक. त्यांच्या समोरच्या सीटवर बसलेली त्यांची स्वतःची बायको. हे वाक्य मी विनोद म्हणून लिहीत नाहीये हं, अगदी खरंखुरं सांगतेय, आणि सांगताना मला अजूनही राग येतो, म्हणून भराभर टाइप करतेय, चुका झाल्या तर चालवून घ्या.

मामा म्हणजे माझ्या नवऱ्याचे, निनादचे, सख्खे मामा. सिंगापूरमध्ये इतकी वर्षं आहेत की पासपोर्टसुद्धा इथला. रॅफल्स प्लेसला एका बँकेत अकाउंट्स बघतात, बिशानला घर आहे, आणि बिशान ते रॅफल्स प्लेस एवढ्याशा एमआरटीच्या प्रवासात शेजारच्या माणसाचं गाव, हुद्दा, गुडघेदुखी आणि मुलीचं लग्न का अडलंय एवढं सगळं त्यांना कळलेलं असतं. इथे ट्रेनमध्ये कुणी कुणाकडे बघत पण नाही हो! सगळे मोबाइलमध्ये. पण मामा समोरच्याच्या बुटांकडे बघून म्हणणार, "व्हेरी गुड शूज. पाय दुखत नाहीत ना?" आणि तो मनुष्य पुढच्या स्टेशनपर्यंत बूट काढून तळवा दाखवत असणार. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, नूडल्सवाली काकू यांना न विचारता जास्तीची मिरची देते, कारण तिच्या जावयाची नोकरी गेली तेव्हा मामांनी तिच्याशी तासभर गप्पा मारल्या होत्या. भाषा कुठली? देव जाणे. ती हॉक्कीन चिनी बोलत होती आणि मामा सदाशिव पेठी.

असा माणूस दर जूनमध्ये सुट्टी काढून युरोपला जातो आणि ट्रेननेच फिरतो. विमानात म्हणे माणसं झोपतात. बसमध्ये सगळे एकाच दिशेला तोंड करून बसतात, मानेला त्रास. ट्रेनच खरी, आणि ट्रेनमध्ये सुद्धा चार जणांची समोरासमोरची सीट, मध्ये टेबल. ती नसेल तर मामा ती गाडी सोडून पुढची घेणार. आणि चार सीट म्हणजे दोन जोडपी लागणार. एक मामा-मामी, दुसरं दरवर्षी नवीन. त्या वर्षी लग्न होऊन आम्हाला जेमतेम सहा महिने झाले होते, आम्ही इथे सिंगापुरातच क्वीन्सटाउनच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये नवीन होतो, आणि मामांनी फोन केला, "सूनबाई, पॅरिस ते झ्युरिक, चला." मी तर नाचलेच! निनाद मात्र "बघू, बघू" करत होता. मला वाटलं, रजेचा प्रश्न असेल.

निघायच्या आधी बिशानला जेवायला गेलो तर त्यांचा मुलगा आर्मीतून वीकेंडला घरी आलेला. इथे अठराव्या वर्षी सगळ्या पोरांना जावंच लागतं. तो मला दारात चपला घालताना म्हणाला, "वहिनी, यू टेक ओव्हर लाह. मी रिटायर्ड ऑलरेडी." मी हसले. मला वाटलं बॅगा उचलण्याबद्दल बोलतोय.

पॅरिसहून गाडी सुटली. मामी खिडकीशी, शेजारी मी, समोर मामा आणि निनाद. मामांनी बाकरवडीचा डबा काढला, पहिली बाकरवडी तिकीट तपासनिसाला, दुसरी पलीकडच्या एका नवरा-बायकोला. ते दोघं आपापली पुस्तकं वाचत होते बिचारे. मामांनी त्यांना विचारलं, "मॅरिड? हाऊ मेनी इयर्स? एनी फायटिंग?" तासाभरात ती बाई हसून हसून रडत होती आणि तिचा नवरा मामांना स्वतःच्या सासूचे फोटो दाखवत होता. मी निनादला म्हटलं, काय माणूस आहे! आणि तेवढ्यात मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "सूनबाई, मामीला विचार, चहा घेणार का."

मामी माझ्या शेजारी. म्हणजे मामांच्या बरोब्बर समोर, मध्ये हातभर टेबल. मी गंमत समजून म्हटलं, "मामी, चहा?" मामी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "सांग त्यांना, साखर नको." मी मामांकडे बघितलं. मामा वाट बघत होते! त्यांनी ऐकलं होतं, शंभर टक्के ऐकलं होतं, पण माझ्या तोंडून आल्याशिवाय ते उठेचनात. "साखर नको," मी म्हटलं. "बरं," म्हणून गेले.

त्यानंतर सगळा प्रवास हेच. मामीला सांग उन्हात बसू नको. त्यांना सांग मफलर बॅगेच्या तळाला आहे. विचार तिला, डोकं दुखतंय का. सांग, दुखत नाही, पण दुखेल. मी माणूस नव्हते, मी लँडलाइन होते. आदल्या वर्षी कोल्हापूरचं एक जोडपं यांच्याबरोबर गेलं होतं, ते परत आल्यापासून मामांचा फोन का उचलत नाहीत, हे मला आल्प्स दिसायच्या आतच समजलं.

लुसर्नच्या हॉटेलात मी निनादला धरलं. "तुला माहीत होतं?" म्हणाला, हो. "मग मला का नाही सांगितलंस?" तर म्हणतो, "सांगितलं असतं तर आली असतीस का?" घ्या! म्हणजे यांच्या घराण्यात सरळ बोलायचं कुणीच नाही.

कारण मला मामींनीच सांगितलं, दुसऱ्या दिवशी तळ्याकाठी, मामा एका बदकवाल्या आजोबांशी बोलत असताना. मामींची आई पुण्यात गेली, तेव्हा फोन मामांना आला होता. मामी स्वयंपाकघरात होत्या. मामा तीनदा दारापर्यंत आले आणि परत गेले. मग त्यांनी मुलाला पाठवलं. दुसरीतलं पोर. ते येऊन म्हणालं, "मा, पा सेज आजी इज डेड." एवढंच, आणि कार्टून बघायला गेलं. "पोळी तव्यावर होती माझी," मामी म्हणाल्या. "जगातल्या कुणाशीही बोलेल हा माणूस. माझ्याशी तेवढं एक वाक्य बोलता आलं नाही. मी म्हटलं, ठीक आहे. मग सगळंच पोराकरवी होऊ दे."

मी त्यांचा हात धरला. तर त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "पोरगं गेलं आर्मीत. आता कुठवर अशी दुसऱ्यांची जोडपी गोळा करत फिरायचं? मी ठरवलंय. या प्रवासात एकदा, एकदा जरी हे स्वतःहून माझ्याशी बोलले, काहीही, अगदी 'सरक' म्हणाले तरी, मी बिशानला परत येईन. नाहीतर झ्युरिकहून सरळ पुण्याला, बहिणीकडे. कायमची. आणि हे तू त्यांना सांगायचं नाहीस."

म्हणजे बघा, सगळे निरोप मी पोचवायचे, आणि नेमका कामाचा तेवढा नाही!

मग मी काय काय केलं ते विचारू नका. दोघांना एकत्र सोडून आम्ही वेफर्स आणायला जायचो आणि लांबून बघायचो. मामा लगेच शेजारच्या बाकावर सरकलेले, कुठल्यातरी जपानी जोडप्याला कोकम सरबताचं महत्त्व सांगत असायचे. मी मामांना खुणा केल्या, टोमणे मारले, "मामा, मामींचं स्वेटर किती छान आहे ना?" तर मामा म्हणाले, "हो ना! सांग तिला."

इंटरलाकेनहून डोंगरातल्या गावाला जायची छोटी गाडी होती. तिची गंमत अशी की ती वाटेत एका स्टेशनात सुटी होते. पुढचे डबे एका दरीत, मागचे दुसऱ्या. पाटीवर लिहिलेलं असतं, घोषणाही होते, चुकायचं काही कारण नाही. आम्ही तिघं बरोबर पुढच्या डब्यात बसलो. मामा फलाटावर एका बेल्जियन म्हाताऱ्या जोडप्याशी बोलत राहिले आणि शिट्टी झाल्यावर त्यांच्याबरोबरच मागच्या डब्यात चढले. मी आणि निनाद डब्याच्या पार पुढच्या टोकाला काचेतून फोटो काढत होतो, आम्हाला पत्ताच नाही. मामींनी मात्र खिडकीतून पाहिलं होतं.

ते मधलं स्टेशन आलं. गाडी थांबली. मामी दारात गेल्या, पायरीवर उतरल्या. मागच्या डब्याच्या दारात मामा उभे होते, हातवारे करून हसत. हाक मारली असती तर ऐकू गेली असती एवढंच अंतर. घोषणा झाली, मामी आत आल्या, दारं मिटली, आमचे डबे इकडे निघाले आणि मामा हसत हसत भलत्याच डोंगरात गेले.

आम्ही परत आलो तर मामी एकट्या बसलेल्या. "मामा?" "गेले दुसरीकडे." "अहो मग तुम्ही हाक नाही मारलीत?" "तू नव्हतीस ना तिथे," त्या म्हणाल्या. "तोंड उघडलं होतं मी. 'अहो' म्हणायचं होतं. यायलाच तयार नाही. सवयच गेली गं."

आणि तेव्हा फोन वाजला. माझा! मामींचा फोन समोर टेबलावर, सुलटा ठेवलेला, पूर्ण चार्ज. मामांना तो नंबर तोंडपाठ आहे, बँकेतला माणूस तो. पण वाजला माझा. आणि मामी माझ्या फोनकडे नाही, स्वतःच्या फोनकडे बघत होत्या. मी मुद्दाम उचलला नाही. मनात म्हटलं, मामा, कराच आता. बंद झाला. आम्ही तिघं त्या टेबलाकडे बघत बसलो, बाहेर ते जगप्रसिद्ध धबधबे चाललेले, एकानेही मान वर केली नाही. परत वाजला. परत माझाच.

"सूनबाई! अगं गाडीचे दोन तुकडे झाले आणि मी चुकीच्या तुकड्यात! पण काय सांगू, इथेपण बर्फ आहे! मामीला सांग, काळजी करू नको म्हणावं."

मी स्पीकरवर टाकलेला होता. मामी म्हणाल्या, "विचार, स्वेटर आहे का अंगावर."

"आहे म्हणावं," फोनमधून मामा म्हणाले.

त्या दिवशी जेवायला आम्ही चौघं बसलो, मामा त्या बेल्जियन लोकांच्या नातवंडांची नावं सांगत होते, आणि मध्येच मामी मला म्हणाल्या, "यांना सांग, मी झ्युरिकहून इंडियाला जाणार आहे. परत येईन असं नाही." माझा ना, तोल गेला. मी म्हटलं, "मी नाही सांगणार! समोर बसलेत ते! मामा, तुम्ही ऐकलंत, बोला ना काहीतरी! त्या चालल्यात!" निनादने टेबलाखालून पाय मारला. मामांचा चेहरा इतका पांढरा पडला की मला वाटलं आता बोलतील. ओठ हलले, शपथ सांगते, हलले. मग ते वेटरकडे वळले आणि त्याला विचारलं, हे चीज गाईचं की शेळीचं.

मला त्या क्षणी मामा आवडेनासे झाले. लिहून टाकते एकदाचं. इतका लाघवी माणूस, आणि भित्रा. सगळ्या जगाला वाटलेली माया घरात एका माणसापुरती शिल्लक नाही? की आहे, पण ती दुसऱ्याच्याच हातून द्यायची? झ्युरिक विमानतळावर त्यांनी मामींची बॅग स्वतः ढकलत नेली, मामींचं औषध बाहेरच्या कप्प्यात आणून ठेवलं, चेन लावली, परत उघडून बघितलं, परत लावली. आणि मला म्हणाले, "तिला सांग, औषध वरच आहे." मामी आत गेल्या. मामा काचेशी उभे राहिले, आणि तेवढ्या वेळात, खोटं वाटेल तुम्हाला, शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी ते एक अक्षर बोलले नाहीत.

आता मामी पुण्यात, मामा बिशानला. दर रविवारी आमच्याकडे येतात. आल्यावर पहिलं वाक्य, "मामीचा फोन?" मग मी सगळं सांगते, बहिणीशी कशावरून भांडल्या, गुडघा कसा आहे. ते ऐकतात आणि निरोप देतात. मी पोचवते. चिडचिड करते आणि पोचवते.

मागच्या रविवारी मात्र मी हट्टाला पेटले. मामींना फोन लावला आणि घंटी वाजत असतानाच फोन मामांच्या हातात कोंबला. "हॅलो?" मामींचा आवाज. "हॅलो, अगं बोल ना." मामांनी फोन दोन्ही हातांनी धरला होता. घसा खाकरला. पुन्हा खाकरला. आणि म्हणाले,

"सूनबाईला देतो हं."

बस. इतक्या वर्षांत बायकोशी बोललेलं एकुलतं एक वाक्य. फोन माझ्याकडे.

"मामी?"

"आवाज बसलाय त्यांचा," मामी म्हणाल्या. त्यांचा स्वतःचाही काही फार बरा नव्हता. "सांग, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा म्हणावं."

मी सांगितलं. मामा खिडकीपाशी गेले होते, माझ्याकडे पाठ करून.

"कोमट पाण्याच्या की कढत?" ते म्हणाले. "विचार ना तिला."