एकशे चौसष्ट मिनिटं

"इंजन किती चालला रे, कडूबा?"

"एकशे चौसष्ट मिनिटं, काका."

"म्हंजे?"

"म्हंजे एकशे चौसष्ट!" कडूबानं घड्याळाचं मनगट पुढे केलं.

उत्तमरावकाकांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बांधाकडे तोंड करून हाळी दिली, "झुंबर, किती झालं वं?"

"पावणेतीन तास, मामाजी! सरली तुमची पाळी."

काकांनी फावडं खांद्यावर टाकलं.

धाड गावच्या शिवारात चार भाऊबंदांत ही एक विहीर. मोट जाऊन डिझेलचं इंजन आलं, अन् ज्याच्या त्याच्या पाळीला ते किती चाललं हे सांगणारा एकजण लागू लागला. यंदा कोणाला नेमायचं, ते काका आज ठरवणार होते. त्या मानासाठी कडूबानं सासऱ्याच्या मागे लागून घड्याळ आणलेलं. अन् लोक विचारत चुलतभावाच्या बायकोला, झुंबरबाईला! ती विहिरीचं पाणी पडतं त्या थारोळ्याच्या खांबाची सावली पाहून सांगे. कडूबा तावातावानं पुढे झाला.

"चुकली वयनी! पावणेतीन म्हंजे एकशे पासष्ट. एक मिनिट जास्त सांगितलं!"

"एका मिनटात मिरचीची एक सरी तरी भिजते का बे?" काका म्हणाले. "तुहा आकडा ऐकून मी पानी धरू, का बोटं मोजत बसू?"

बांधावरची माणसं हसली. झुंबरबाई हसली नाही, ते कडूबाला जास्तच लागलं.

"पन मामाजी," ती पदर सावरत म्हणाली, "आभाळ आलं का सावली जाते. मंग मी काय सांगू? भाऊजीचं घड्याळ लागीनच. त्यायनं पाहावं, मी सांगतो."

"ठरलं," काका म्हणाले.

घड्याळ आपलं, मनगट आपलं, अन् तोंड तिचं! कडूबा आतल्या आत धुमसला. पण नाही म्हणावं, तर घड्याळही वाया.

"चला भाऊजी, तुमचीच पाळी हाय. किती वाजले?"

"नऊला वीस कमी," तो दातओठ खात पुटपुटला.

"पावणेनवाच्या अंदर चालू झाला हो!" तिनं साऱ्या शिवाराला ऐकवलं. "घड्याळ भिजंन तुमचं. ठेवू का माह्यापाशी?"

"काई गरज नाई!"

त्यानं घड्याळ ओढून कोपरापर्यंत वर चढवलं, धोतर खोचलं अन् वांग्याच्या पहिल्या सरीचं तोंड फोडलं.